पेट्रोल उकळायचं तो उन्हाळा

परवा दुपारी लातूरच्या गंजगोलाईतून भाजी घेऊन येताना आमची निळी गाडी बंद पडली. आधी एक आचका दिला, मग दुसरा, आणि ऐन चौकात गप्प झाली. मागून हॉर्न सुरू झाले. एक रिक्षावाला उतरून आला आणि म्हणाला, मावशी, बॅटरी गेली वाटतं. मी म्हटलं, बॅटरी चांगली आहे, पेट्रोल उकळलंय. ऊन गाडीला नाही, मलाच लागलंय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडं पाहिलं. तरी भला माणूस. आणखी दोघांना हाक मारून त्यानं गाडी कडुलिंबाच्या सावलीत लोटून दिली. मी बोनट उघडलं, पालकाच्या जुडीभोवतीचं ओलं फडकं सोडून पेट्रोलच्या पंपावर टाकलं आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. आता अर्धा तास काही करायचं नव्हतं.

चार वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा मला अशाच अर्ध्या अर्ध्या तासांनी आठवतो. सलग कधी आठवत नाही. वैशाख लागला, डांबर चपलेला चिकटायला लागलं, कूलरच्या वाळ्याचा ओला वास घरात भरला, की त्यातला एखादा तुकडा समोर येऊन उभा राहतो. माझं माहेर किनवटच्या रानातलं इस्लापूर. तिकडच्या उन्हाळ्यात सागाची पानं गळून रान आरपार दिसायला लागतं, मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस वास गावात येतो. लातूरचा उन्हाळा तसा नाही. तो कोरडा, कोऱ्या मडक्यासारखा. नळ आठवड्याआड येणार, तोवर अंगणातल्या ड्रमांच्या तोंडाला फडकी बांधलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला या उन्हाळ्याचा राग यायचा. आता तो आला की मी त्याच्यात कोणाला तरी शोधत बसते.

माझे यजमान आयटीआयत मोटार मेकॅनिक शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणत. लोकांसमोर मीही सरच म्हणायची, आणि पुढं घरातही तेच तोंडात बसलं. निळी गाडी त्यांनी भंगारात निघालेली घेतली होती आणि स्वतःच्या हातांनी उभी केली होती. जुन्या पद्धतीची, कार्बोरेटरची गाडी. गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून, मागची सीट सोफ्यासारखी. तीस वर्षं ती आमच्या दारात होती आणि तीस वर्षांत मी कधी तिच्या डाव्या सीटवरून उजवीकडं, चालवणाऱ्याच्या जागी, बसले नव्हते.

मग सरांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळायचं. थेंब सुरू झाले. सर म्हणायचे, कडेचं दिसत नाही, मधलं दिसतं. बोगद्यातून बघावं तसं. त्यांनी गाडी चालवणं सोडलं, नंतर संध्याकाळचं फिरणं सोडलं, नंतर लग्नकार्याला जाणं सोडलं. कोणी बोलवायला आलं की सांगायचे, पोट बिघडलंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि त्याच वर्षी निवृत्त झाले. दिवसभर घरात राहायला लागल्यावर मला कळलं की आमच्या घरात किती शांतता झाली आहे. सर खुर्चीत बसून असायचे. मांडीवर वर्तमानपत्र. पानं उलटण्याचा आवाज तेवढा यायचा.

पाडव्याच्या आधी इस्लापूरहून दादाचा फोन आला. माझ्या भाचीचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. दादानं मला सांगितलं, बाई, तू येशीलच, पण दाजींना घेऊन ये. ते आले नाहीत तर मांडव सुना वाटेल. सरांची पहिली काही वर्षं त्याच भागात नोकरीत गेली होती. भोकरपासून किनवटपर्यंत गावागावांत त्यांचे विद्यार्थी होते.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, बसनं येणार न्हाई. भाड्याची गाडी करू म्हटलं तर तेही नको. बसमध्ये चढताना कंडक्टर दंडाला धरतो, उतरताना आणखी कोणी धरतं, हे त्यांना सहन होत नव्हतं. एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, मग काय करायचं, ते सांगा.

“आपल्या गाडीनं जाऊ,” ते म्हणाले.

“चालवणार कोण?”

“तू.”

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. मला हसू आलं. पण सर हसत नव्हते. खूप दिवसांनी त्यांच्या आवाजाला धार आली होती. मी नाही म्हटलं असतं तर ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसले असते आणि बहुधा तिथून उठले नसते. मी दुसऱ्या दिवशी शिकाऊ परवान्याचा फॉर्म भरला.

सरांचा एक जुना विद्यार्थी, बालाजी, औसा रोडवर गॅरेज चालवतो. पहिले आठ दिवस तो सकाळी सहाला यायचा, गाडी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर नेऊन द्यायचा आणि आमचं होईस्तोवर टपरीवर चहा पीत थांबायचा. सर माझ्या शेजारी बसायचे, हात मांडीवर, मान किंचित वर. ते रस्त्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत. ते इंजिनाबद्दल बोलायचे. कण्हायला लागली की खालचा गिअर टाक, किंचाळायला लागली की वरचा. क्लच पायानं दाबू नको, पायानं ऐक. एकदा मी विचारलं, पुढं खड्डा आहे, डावीकडून काढू की उजवीकडून? ते म्हणाले, तुला कुठून वाटतं? मी उजवीकडून काढला. ते म्हणाले, बरोबर. मला केवढा आनंद झाला. शाळेत पोरांना शाबासकी देताना त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी जन्मभर पाहिलं होतं. माझ्या चेहऱ्यावर तेच उमटलं असणार.

सकाळची गाडी शहाण्यासारखी चालायची. दुपारची तीच गाडी वेगळी होती, हे एप्रिलमध्ये कळलं. बाराच्या उन्हात आम्ही औसा रोडनं परत येत होतो. सिग्नलला थांबले, इंजिन बंद पडलं, पुन्हा चालू होईना. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं, पेटायचं नाही. लोक ओरडत होते. मला घाम फुटला. सर शांत होते. त्यांनी मला बोनट उघडायला लावलं आणि विचारलं, टाकीकडून येणाऱ्या नळीत एक पारदर्शक फिल्टर आहे, त्यात काय दिसतं? मी वाकून पाहिलं. पेट्रोल जेमतेम होतं. तळाशी बुडबुडे उठत होते, चहाच्या पातेल्यात आधण यायच्या आधी उठतात तसे.

मग त्यांनी मला ते समजावलं, तिथंच, सिग्नलच्या कडेला, वर्गात उभं राहून सांगावं तसं. पेट्रोल पाण्यासारखं वाहतं तोवर पंप ते टाकीतून ओढतो. नळी फार तापली की आतल्या आत पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते. पंप द्रव ओढायला केलेला असतो, त्याला वाफ ओढता येत नाही. तो तोंड चालवत राहतो आणि पोटात काही जात नाही. बिघाड कुठलाच नाही, म्हणून पाना लावून काही होत नाही. गार होऊ द्यायचं, वाफेचं परत पेट्रोल होतं आणि गाडी चालू होते.

“आणि एक ध्यानात ठेव,” ते म्हणाले, “ही चालताना तापत न्हाई. चालताना वारा लागतो. थांबल्यावर तापती.”

पंपावर ओला रुमाल टाकून आम्ही अर्धा तास बसलो. मी त्यांना सांगून टाकलं, ही गाडी घेऊन मी वैशाखात इस्लापूरला जाणार नाही. रानात बंद पडली तर काय करायचं? बालाजीही तेच म्हणाला. सर, विकून टाका हिला, आताचं पेट्रोलही लवकर उकळतं, माझ्याकडची नवी गाडी घेऊन जा. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी मी उठले तर ते अंगणात गाडीच्या बोनटवर हात ठेवून उभे होते. मला म्हणाले, हत्यारांची पेटी आण, आपण हिला बरी करू. डोळे तुझे, डोकं माझं.

तीन आठवडे आम्ही ते केलं. सकाळच्या गारव्यात, ऊन अंगणाच्या भिंतीवरून उतरेपर्यंत. सर स्टुलावर बसायचे, मी गाडीत वाकायची. साडीचा पदर कमरेला, बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. पेट्रोलची नळी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत बोटानं चाचपत ये आणि कुठं कुठून जाते ते सांग, असं त्यांनी सांगितलं. नकाशा वाचल्यासारखी मी सांगत गेले. पुढं आल्यावर सापडलं. इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा जाड लोखंडी नळ असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो सगळ्यात जास्त तापतो. कधीच्या काळी कोण्या मेकॅनिकनं पेट्रोलची नळी वाकवून त्याच्या अगदी जवळून नेली होती.

“किती बोटं अंतर हाय?” सरांनी विचारलं.

“दोन.”

“चार पाहिजेत. पाच झाली तर लईच चांगलं.”

नवी नळी बालाजीनं आणून दिली, वाकवली मी. वाळू भरून वाकवायची, म्हणजे चेपत नाही, हे त्या दिवशी शिकले. पंप आणि इंजिनाच्या मध्ये फायबरची एक चकती घातली, इंजिनाची धग पंपाला लागू नये म्हणून. पहिली चकती जाड झाली. पंपाचा दांडा आत पोचेना आणि पेट्रोलच येईना. सरांना ते न बघता कळलं, नुसत्या आवाजावरून. दुसरी पातळ केली. रेडिएटरच्या जाळीत वर्षानुवर्षांची धूळ आणि पाखरांचे पंख बसले होते. ते धुवायला पाणी कुठलं? मी भांडी विसळलेलं पाणी दोन दिवस साठवलं आणि झारीनं ओतून जाळी धुतली. सर म्हणाले, आता श्वास घेईल. मग गोड्या तेलाचा रिकामा डबा कापून मी त्याचा पत्रा केला आणि नळी आणि मॅनिफोल्डच्या मध्ये आडोसा म्हणून बसवला. त्या पत्र्यावर शेंगदाण्यांचं चित्र होतं. बोनट उघडलं की इंजिनात भुईमूग पिकल्यासारखा वाटायचा.

असं सांगताना ते दिवस सुखाचे वाटतात, आणि होतेही. निवृत्त झालेली दोन माणसं, ज्यांच्यात औषधाच्या वेळेपलीकडं बोलणं उरलं नव्हतं, ती दिवसाचे तीन तीन तास नळ्या, चकत्या आणि वाफ यांवर वाद घालत होती. सर चिडायचे, मी उलट बोलायची. बारा नंबरचा पाना मागितला आणि मी तेराचा दिला तर हातात घेताक्षणी परत करायचे. मला त्याचं कौतुक वाटायचं. आंधळ्याच्या हाताला कळावं इतकं यांना कळतं, असं मनात यायचं, आणि तो विचार मी तिथंच सोडून द्यायची.

एका सकाळी गाडी नुकतीच बंद केलेली होती आणि सरांनी मॅनिफोल्डवर हात ठेवला. तळहात भाजला. लक्ष नव्हतं, ते म्हणाले. मी कोरफड लावली. फोड मोठा आला होता. गाडी आत्ताच बंद केली हे मी त्यांना सांगितलं होतं. तरी मी काही विचारलं नाही. आज वाटतं, तेव्हाच विचारायला हवं होतं. पण काही प्रश्न माणूस उत्तर माहीत असल्यामुळेच विचारत नाही.

परवा गंजगोलाईत गाडी चाळीस मिनिटांनी चालू झाली. रिक्षावाला दोनदा येऊन बघून गेला. चालू झाल्यावर त्यानं खूश होऊन हात हलवला. मला उगाच वाटलं, आणखी थोडा वेळ लागला असता तरी चाललं असतं. घरी जाऊन करायचं काय होतं?

आम्ही दुरुस्तीची परीक्षा घेतली ती भर दुपारी. औशापर्यंत जायचं, गाडी बंद करून दहा मिनिटं उन्हात उभी ठेवायची, मग सेल्फ मारायचा. थांबल्यावर तापते, म्हणून थांबवूनच बघायचं. पहिल्या दिवशी नापास. पत्रा आणखी दोन बोटं पुढं सरकवला. दुसऱ्या दिवशी पहिल्याच सेल्फला इंजिन पेटलं. सर मान हलवत म्हणाले, चल इस्लापूरला. तोवर माझा परवानाही आला होता.

हळदीच्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. अहमदपूर मागं पडलं तेव्हा उजाडलं, लोह्याला चहा घेतला. नांदेडला एका नातेवाइकाकडं जेवणाचा आग्रह झाला आणि तिथं दोन तास मोडले. ती चूक माझी. भोकर सोडलं तेव्हा सूर्य डोक्यावर होता. पुढं रेल्वेचं फाटक लागलेलं. फाटकाच्या अलीकडं झाड नाही. मी इंजिन बंद केलं. मालगाडी यायला वेळ लागला, ती जायला त्याहून जास्त. खिडकीतून वारा येत नव्हता, नुसती झळ येत होती. फाटक उघडलं. पुढच्या गाड्या गेल्या, मागच्या गाड्या आम्हाला वळसा घालून गेल्या. निळी गाडी हलली नाही.

मागच्या जीपमधल्या माणसांनी आम्हाला रुळापलीकडं मोहाच्या झाडाखाली लोटून दिलं आणि तेही गेले. मग रस्त्यावर आम्ही दोघंच. मी बोनट उघडलं. फिल्टरमध्ये बुडबुडे. पंपावर पिण्याच्या पाण्यातलं थोडं ओतलं. वाकून पाहिलं तर आमचा शेंगदाण्यांचा पत्रा हादऱ्यानं एका बाजूनं सुटला होता, आणि एक टोक मॅनिफोल्डवर, दुसरं नळीवर टेकलं होतं. जो आडोसा म्हणून बसवला तोच धग पोचवत होता. मी ते सांगितलं. सरांनी आतूनच विचारलं, कुठल्या बाजूनं सुटलाय? कसा टेकलाय? वरून का खालून? मी सांगत होते, ते पुन्हा विचारत होते. माझं डोकं दुखत होतं, बोटं भाजत होती. मी म्हटलं, सारखं विचारू नका, उतरा आणि स्वतः बघा.

ते उतरले. दार, मग खिडकीची चौकट, मग गाडीच्या अंगावरून हात सरकवत पुढं आले आणि थांबले. थांबले ते रस्त्याकडं तोंड करून. इंजिन त्यांच्या मागं होतं.

मी म्हटलं, “इकडं.”

ते वळले नाहीत. म्हणाले, “सुमन, मला काहीच दिसत न्हाई. होळीपासून.”

दूर मालगाडीचा आवाज अजून येत होता. मी हिशेब करायला लागले. होळी, मग पाडवा, मग एमआयडीसीतल्या सकाळी. म्हणजे ते माझ्या शेजारी बसले त्या पहिल्या दिवसापासून त्यांना रस्ता दिसत नव्हता. ट्रक, बैलगाड्या, आडवी येणारी पोरं. मी घाबरत नव्हते, कारण दुसरं कोणीतरी समोर बघतंय असं मला वाटत होतं. मी बंपरवर बसले आणि त्यांना म्हणाले, दोन महिने तुमच्या भरवशावर मी गाडी चालवून राहिले होते.

“इंजिनाचा भरवसा मी दिला,” ते म्हणाले. “रस्ता तर तूच बघत होतीस.”

मी विचारलं, मला तरी का नाही सांगितलं. ते हळूहळू बोलले. दिसत नाही हे कळलं, की लोक हात धरतात. एकदा हात धरला की मग बोलत नाहीत, नुसतं नेतात. इकडं बसा, तिकडं बसा. माणसाचं सामान होतं. त्यांना वाटायचं, निदान घरात तरी ते होऊ नये. वर्तमानपत्राची पानं ते माझ्यासाठी उलटत होते.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. राग आला, खूप आला, आणि रागाच्या भरात मी पक्कड घेऊन तो पत्रा वर ओढला आणि तारेनं घट्ट बांधला. उरलेलं पाणी अर्धं त्यांना दिलं, अर्धं पंपावर ओतलं. मोहाची वाळकी पानं वाऱ्यानं रस्त्यावर सरकत होती. आम्ही सावलीत बसून राहिलो. पुढं आमच्या वाट्याला आणखी दोन उन्हाळे आले. चांगले गेले. पण मला हवा असतो तो हाच अर्धा तास. त्यात काही गोड नव्हतं, तहान होती, राग होता, आणि तरी आमच्या दोघांमध्ये तेव्हा काहीच झाकलेलं नव्हतं.

शेवटी मी उठले आणि म्हटलं, हात द्या. त्यांनी जरा अंग चोरलं. कुठं नेत नाही, मी म्हटलं, नळी गार झाली का ते सांगा. मी त्यांची बोटं नळीवर ठेवली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी चाचपली, तारेची गाठ तपासली.

“झाली,” ते म्हणाले. “मार सेल्फ.”

इस्लापूरला पोचलो तेव्हा हळदीचा कार्यक्रम उरकत आला होता. मांडवावर जांभळाचे हिरवे डहाळे टाकलेले, वाजंत्री जेवायला बसलेली. दादा धावत आला. माझ्या हातात स्टिअरिंग बघून तो जागच्या जागी थांबला. सरांना मी मांडवातल्या खुर्चीवर बसवलं आणि बायकांत गेले. पण माझं लक्ष तिकडंच होतं. एक पन्नाशीचा माणूस सरांसमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला. सरांचा हात मांडीवरच. मी उठणार होते. घरी अशा वेळी मीच पुढं होऊन सावरून घ्यायची, कोण आलंय बघा, असं मोठ्यानं म्हणून.

सर म्हणाले, “कोणीतरी उभं हाय न्हाई का समोर? मला आता दिसत न्हाई बाबा. नाव सांगा.”

तो माणूस खाली वाकला आणि म्हणाला, “मारुती, सर. भोकरचा. तुम्ही माझा पाना खिडकीतून फेकून दिला होता.”

“तेराच्या बोल्टला चौदाचा लावत होतास,” सर म्हणाले. मारुती हसला, आणि डोळे पुसत तिथंच जमिनीवर बसला.

मग एकेक जण यायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं, पण प्रत्येक जण समोर येऊन आपलं नाव, गाव सांगायचा आणि वर एखादी खूण. कोणी कापसाच्या जिनिंगमध्ये लागलेला, कोणी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, कोणी शेती करणारा. म्हाताऱ्या बायाही आल्या. मी अमकीची सासू, दाजी, मी तुमच्या लग्नात नाचले होते. भाची हळदीच्या अंगानं आली आणि नाव सांगून पाया पडली. कोणी त्यांचा हात धरून त्यांना कुठं नेलं नाही. सगळे बोलत होते. सर मान वर करून ऐकत होते, इंजिन ऐकायचे तसे, आणि नावामागून वर्ष, वर्षामागून वर्गातली जागा सांगत होते. कितीतरी महिन्यांनी मला दुसरं काही काम नव्हतं. मी खांबाला टेकून नुसती बघत होते.

गर्दी ओसरल्यावर जेवायला बोलवायला मी त्यांच्या जवळ गेले. हात मी दोनदा साबणानं धुतले होते. काही न बोलता समोर उभी राहिले.

“कोण?” त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी सांगितलं तसं मीही सांगितलं. “सुमन. इस्लापूरची.”

ते हसले. “माहीत हाय. सगळ्या हळदीच्या घरात एकाच बाईच्या हाताला पेट्रोलचा वास येतोय.”

मी त्यांच्या शेजारी पंगतीत बसले. पानावर काय कुठं वाढलंय ते त्यांना सांगत गेले. भात मधे, वरण त्याच्यावर, उजव्या हाताला बुंदी. ते जेवले, पोटभर जेवले, आणि दुसऱ्यांदा बुंदी मागून घेतली.